पिपाणीचा कंप

६ ऑक्टोबर

ताई अडकित्त्यास,

दोन्ही हात जोडून आणि तोंड मिटून नमस्कार.

तुझं अक्रोडांचं पोतं काल बसच्या टपावरून सुखरूप उतरलं. यंदा अख्खं झाडच झोडपून पाठवलंस की काय? एरवी निम्मे तू झाडाखालीच दातांनी फोडून फस्त करतेस आणि उरलेले ‘भावाला आठवण’ म्हणून येतात. या वेळी स्वतःला ठेवलेस की नाहीस? असो. अक्रोड झकास आहेत. रोज मूठभर खातो.

पत्र बघून दचकू नकोस. माझा फोन कपड्यांच्या बादलीत पडला आणि त्याची वाचा गेली. दुरुस्तीवाला नुसती मान हलवतो. तोवर असंच लिहीत जाईन. तू शिकायला बाहेर होतीस तेव्हा मी पत्रं लिहायचो आणि तू त्यातल्या चुका लाल पेन्सिलीने काढून परत पाठवायचीस. तेवढं मात्र आता नको.

मोठी बातमी अशी की वसंतातल्या बागेतल्या कार्यक्रमात शेवटचं एकल वादन आमच्या बँडमास्तरांनी मला दिलंय! मला! आयुष्यभर मागच्या रांगेत ढोलाच्या शेजारी बसून क्लॅरिनेट फुंकणाऱ्या तुझ्या भावाला! सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आहे. ‘काळजाला हात घालणारा कंप’ असं छापलंय बघ. माझ्या सुरात गेली दोन-तीन वर्षं जो थरथरता हेलकावा आलाय ना, त्याच्यावर सगळे फिदा आहेत. मास्तर तर साऱ्या बँडसमोर म्हणाले, “हा कंप शिकवून येत नाही. त्याला आयुष्यात काहीतरी सोसावं लागतं.” मी खाली मान घालून उभा राहिलो. दुसरं काय करणार?

भावोजींना कात्रण दाखव. मागच्या कार्यक्रमात नेमका कंप चालू असताना ते घोरत होते.

रविवारी जेवायला बोलावलंयस, पण जमणार नाही. सराव आहे.

तुझा,
पिपाणी


१४ ऑक्टोबर

पिप्या,

तोंड मिटून नमस्कार हा काय नवा प्रकार? आणि ‘सराव आहे’ म्हणे. रविवारी तुमच्या बँडच्या खोलीला कुलूप असतं हे मला ठाऊक नाही होय?

फोनचं म्हणशील तर आमच्याही फोनचं काही खरं नाही. नुसती खरखर. तेव्हा पत्रच बरं. शिवाय हल्ली मला बोलायचा कंटाळा येतो. हसू नकोस. बसस्थानकावरच्या घोषणासुद्धा मी नव्या मुलीकडे सोपवल्यात. घसा बसतो माझा. आता आतल्या खोलीत बसून हरवलेल्या सामानावर चिठ्ठ्या चिकटवते. एका माणसाने काल स्वतःची सासू हरवली म्हणून विचारलं. तिला चिठ्ठी कुठे चिकटवू म्हटलं.

आता मुद्द्याचं बोलते. तू रुसला आहेस. नाही म्हणू नकोस, मी तुझी थोरली बहीण आहे. मागच्या खेपेला तू काय जेवलास? सूप आणि केळं. मी खरपूस पाव भाजला होता, तो तू चहात बुडवून त्याचा लगदा केलास आणि चमच्याने प्यायलास. भावोजी विनोद सांगता सांगता खुर्चीवरून पडले, तरी तू हसला नाहीस. तोंडावर हात धरून नुसते खांदे हलवलेस. एवढा कसला राग? ते घोरले म्हणून? अरे, ते लग्नात माझ्या शेजारी बसूनसुद्धा घोरले होते. मी काय माहेरी निघून आले?

तुझ्या एकल वादनाचं वाचून ऊर भरून आला. कात्रण काचेखाली लावलंय. पण काय बिनसलंय ते लिही. गोल गोल फिरू नकोस.

ताई

अक्रोडांचं काय करतोस ते खरं सांग.


२९ ऑक्टोबर

ताई,

अक्रोड मास्तरांच्या घरी गेले. घे, झालं समाधान?

रुसलोबिसलो नाहीये गं. माझे दात हलताहेत. वरचे पुढचे सगळेच, आणि खालचेही काही. तुझा पहिला अक्रोड तोंडात घातला, दाबला, तर कडकन आवाज आला. मी खूश झालो, म्हटलं फुटला. तोंडातून काढून बघतो तर अक्रोड जसाच्या तसा.

शेवटी गेलो दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाई वयाने लहान, पण आवाज असा की साऱ्या बँडने ताठ उभं राहावं. त्यांनी एक बारीक काडी घेतली, प्रत्येक दाताच्या कडेने टोचत गेल्या आणि मदतनीस बाईंना आकडे सांगू लागल्या. चार, पाच, सात, सात. मला वाटलं मार्क देताहेत. नऊ म्हणाल्या तेव्हा तर मी खुर्चीत जरा ऐसपैस झालो. संपल्यावर विचारलं, “मग, पहिल्या वर्गात आलो का?” ताई, ते मिलिमीटर होते! हिरडी दातापासून किती खोल सुटलीय त्याचे. तीनपर्यंत ठीक, त्यापुढे जितके जास्त तितकं वाईट. आणि मी नवाला छाती फुगवून बसलो होतो.

दात किडलेले नाहीत म्हणे. वरून कसे छान, पण खालचं हाड हिरड्यांच्या दुखण्याने झिजून गेलंय. दोन दात काढावेच लागतील. बाकीच्यांची खोलवर सफाई करायची, हिरड्या बऱ्या होऊ द्यायच्या, मग उरलेले दात जरा तासून त्या सगळ्यांवर मिळून एकच अखंड दातांची पट्टी बसवायची. ब्रिज म्हणतात त्याला. मी म्हटलं, “हलणाऱ्या दातांवर हलणारीच पट्टी बसणार ना?” तर म्हणाल्या, “काका, बस रिकामी असली की उभा माणूस धडपडतो. गच्च भरली की कोणी पडतं का?” हे मात्र मला पटलं. बसचा दाखला तुलाही पटेल.

पण खरी गोम पुढेच आहे. त्यांनी मला क्लॅरिनेट आणायला लावलं. मी वाजवत असताना माझ्या वरच्या दातांवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, “तुमचे दात माउथपीसवर थरथरताहेत. सूर तुम्ही नाही हलवत, दात हलवतात.”

कळलं का? माझा कंप! काळजाला हात घालणारा! तो माझ्या हिरड्यांचा आहे. दात बांधले की कंप गेला, आणि कंप गेला की एकल वादनही गेलं, कारण मास्तरांनी ते कंपालाच दिलंय. म्हणून मी ठरवलंय, आधी कार्यक्रम, मग दात.

आणखी एक. घरात आणखी कुणाला हा त्रास आहे का, असं त्यांनी विचारलं. बरेचदा रक्तातच असतो म्हणे. मी म्हटलं, छे, माझी ताई दातांनी अक्रोड फोडते.

पिपाणी


७ नोव्हेंबर

पिप्या, गाढवा,

आधी कार्यक्रम, मग दात! आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुढचा दात हातात आला तर पिपाणी काय नाकाने वाजवणार आहेस? उद्याच्या उद्या त्या बाईंकडे जा. पत्र वाचून झालं की उठ. उठलास का?

दात हलायला लागला की तो आपणहून थांबत नाही. आधी फक्त सफरचंदाला घाबरतो माणूस, मग पावाच्या कडेला, मग एका बाजूने चावायला लागतो, मग बोलताना जीभ सारखी तिथेच जाते, आणि एके दिवशी घासताना ब्रशबरोबर बाहेर येतो. असं म्हणतात लोक. मी ऐकलंय.

बाईंना काही गोष्टी विचारून मला कळव. सहजच विचारते आहे. सुई देतात ती कुठे देतात? टोचते किती? त्या सफाईत काही जाणवतं का, की नुसता आवाज? एखाद्याचा पुढचा खालचा दात आधीच पडलेला असेल, तर तोही त्या पट्टीत बसतो का? आणि खुर्ची मागे झुकते तेव्हा माणसाने हात कुठे ठेवायचे?

माझ्या दातांबद्दल तू बाईंना जे सांगितलंस ते बरोबर आहे.

ताई


१८ डिसेंबर

ताई,

गेलो. तुझ्या ‘उठलास का’ला खरंच उठलो होतो, तेव्हा म्हटलं आता बसण्यापेक्षा जावं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. सुई हिरडीत देतात. आधी गार मलम लावतात, त्यामुळे डास चावल्याइतकंच कळतं. सफाईत आवाजच फार, दुखणं नाही. पडलेल्या दाताची जागा पट्टीतला नवा दात भरून काढतो. हात पोटावर ठेवायचे. हे कुणासाठी विचारते आहेस? भावोजींचे दात तर घोड्यासारखे आहेत.

दोन दात गेले. हिरड्या आता गुलाबी दिसायला लागल्यात. सध्या तोंडात तात्पुरती पट्टी आहे. पक्की वसंताच्या तोंडावर बसेल. घरी मोठंच काम लागलंय मागे. पट्टीच्या खालून, प्रत्येक दाताच्या फटीतून इवलासा ब्रश फिरवायचा, सकाळ-संध्याकाळ. बाटल्या धुवायचा असतो ना, त्याचं पिल्लू. पाच मापांचे पाच ब्रश आहेत. एवढी निगा मी क्लॅरिनेटचीही कधी राखली नाही.

आता एक कबूल करतो. माझा फोन बादलीत पडला नव्हता. तेव्हा दात हलल्यामुळे बोलणं पचपच व्हायचं आणि आता तात्पुरत्या पट्टीमुळे ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजते. दूधवाल्याला ‘सव्वा लिटर’ म्हटलं तर शेजारचा कुत्रा धावत आला. तुला काही हे ऐकवायचं नव्हतं. पोटभर हसली असतीस.

पण ताई, कंप गेला गं. सूर ताठ उभा राहतो, गिरणीच्या भोंग्यासारखा. मास्तरांना अजून सांगितलेलं नाही. ओठाला फोड आलाय म्हणून सरावाला दांडी मारतो आणि घरी कंप परत आणायची खटपट करतो. मान हलवून पाहिली, चक्कर आली. गुडघे हलवून पाहिले, खालचे काका वर आले. काल कपडे धुवायच्या यंत्रावर बसून वाजवलं. ते कपडे पिळायला लागलं तेव्हा कंप अगदी पहिल्यासारखा आला, पण यंत्र मला घेऊन न्हाणीघराच्या दारापर्यंत चालत गेलं. आणि ते रंगमंचावर नेणार कसं?

हसतेस ना? माझा जीव जातोय. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला पुढे बोलावलंय, ताई. पहिल्यांदाच.

पिपाणी


३ जानेवारी

पिप्या,

यंत्रावरून खाली उतर आधी.

हे बघ, गेला तर गेला कंप. तुझा तो कंप मला एरवीही ऐकवत नसे. सरळ वाजव. लहानपणी न्हाणीघरात दार लावून वाजवायचास तसं वाजव.

मास्तरांना खरं सांगून टाक. ओठाचा फोड एवढे दिवस टिकत नाही.

ताई

[याच पाकिटात वहीचा फाडलेला तुकडा, वेगळ्या अक्षरात:]

पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून ही चिठ्ठी आत जाते आहे. आमचा फोन ठणठणीत आहे. यंदा अक्रोड मी हातोडीने फोडून दिले तरी तिने खाल्ले नाहीत, म्हणून सगळे तुला आले. तुझी पत्रं ती दोनदा वाचते आणि सुईचा भाग मला मोठ्याने वाचायला लावते. बोलताना तोंडावर पदर असतो. खालचा पुढचा दात मला मागच्या उन्हाळ्यापासून दिसलेला नाही. मी काही बोललेलो नाही. मी झोपलो होतो असं समज. – भावोजी


२८ मार्च

ताई,

‘ऐकवत नसे’ हे वाचून मी जवळजवळ तीन महिने पत्र लिहिलं नाही, कळलं असेलच. दर कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचीस, त्या काय मग उपकार म्हणून? फार लागलं मला. परका कुणी म्हणाला असता तर सोडून दिलं असतं.

तरी लिहितो, कारण राहवत नाही. परवा पक्की पट्टी बसली. बाईंनी बसवायच्या आधी मला समोर उभं करून अर्धा तास वाजवायला लावलं, दोनदा काढून घासली, पुन्हा वाजवायला लावलं. बाहेर बसलेल्या रुग्णांनी टाळ्या दिल्या. आता ‘स’ स्वच्छ आहे. मी बाईंना ‘सुसरबाई’ म्हणून दाखवलं, तर त्यांना वाटलं त्यांनाच म्हणालो. सफरचंद खाल्लं, ताई. अख्खं, चावून. खाताना रडू आलं. तू म्हणशील त्यात रडण्यासारखं काय. पण आलं खरं.

मास्तरांनाही सांगितलं. ते वाकून माझ्या तोंडात डोकावले. मग म्हणाले, “म्हणजे तू सोसलंस म्हणालो, ते हे?” सरळ सुरावर एकल वादन द्यायचं की बासरीवालीला, ते ठरवायला ते कार्यक्रमाच्या आदल्या सरावापर्यंत थांबणार आहेत. तेव्हा सगळं अजून टांगलेलंच आहे.

कार्यक्रम पंधरा एप्रिलला. यायचंच. माझं नाव पत्रकावर असो वा नसो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंना सांगून ठेवलंय की माझी एक नातेवाईक दात दाखवायला येणार आहे.

पिपाणी


४ एप्रिल

पिप्या,

येते. पण मागच्या रांगेत बसेन. पुढे तोंडावर वारा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ड्युटी आहे. तुझ्या त्या नातेवाइकाला माझा नमस्कार सांग.

ताई


१६ एप्रिल

ताई,

अगं, गेलीस कुठे तू? कार्यक्रम संपला, मी हातात वाद्य घेऊन गर्दीत शोधतोय, तर फुलवाली म्हणते, निळ्या स्कार्फवाली बाई तोंड दाबून बसथांब्याकडे पळाली आणि तिच्यामागे एक काका ‘अगं थांब, सापडला’ असं ओरडत पळाले. काय सापडला? मला न भेटता गेलीस! एवढं वाईट वाजवलं का मी?

तू मागे होतीस, म्हणून सगळं सांगतो. आदल्या दिवशीच्या सरावाला मी सरळ वाजवलं. मास्तरांनी नुसतं पत्रक उचललं आणि माझं नाव होतं तसं ठेवलं. बासरीवालीने माझ्या पाठीवर थाप मारली. एवढंच.

पण कार्यक्रमात मी वाजवून थांबलो आणि मास्तरांना भाषणाची लहर आली. ऐकलंस ना? “रसिकहो, आपल्या या कलावंताने आपला गाजलेला कंप स्वतःहून त्यागला आहे. कित्येक महिने त्याच्या अंतरंगात खोलवर झगडा चालला होता. जे जे डळमळीत होतं ते ते त्याने उपटून टाकलं आणि आज तो नव्या, भक्कम पायावर उभा आहे.” पहिल्या रांगेत डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पर्स तोंडावर धरली. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो. आणि तेवढ्यात मागून एक हसणं उसळलं. हजार माणसांत ओळखेन मी ते. मागच्या वर्षापासून ऐकलंच नव्हतं. आणि मग ते मध्येच तुटल्यासारखं थांबलं.

काय झालं? मला लगेच लिही. जीव टांगणीला लागलाय.

पिपाणी


२१ एप्रिल

पिप्या, माझ्या राजा,

दात उडाला. माझा. मास्तर ‘उपटून टाकलं’ म्हणाले, मी तोंड उघडून हसले आणि वरचा पुढचा दात सुटला तो थेट समोरच्या गृहस्थांच्या टोपीत. भावोजींनी त्यांना ‘जरा टोपी बघू’ म्हणून विनंती केली. ते म्हणाले, “का?” काय सांगणार? मी पळाले.

खालचा उन्हाळ्यातच गेला होता. आता हे दोन झाले. बाकीचे नुसते नावाला उभे आहेत. मी तुला गाढव म्हणत होते ना, ते मी स्वतःलाच म्हणत होते. मला त्या खुर्चीची भीती वाटते. लहानपणी तुला धरून डॉक्टरांकडे नेणारी मीच, पण तेव्हा मीच जास्त घाबरलेली असायचे. तू माझा हात धरला नव्हतास, मी तुझा धरला होता. आणि घसाबिसा काही बसलेला नाही माझा. ध्वनिक्षेपकासमोर ‘फलाट’ म्हटलं की नुसती हवा जाते. ती नवी मुलगी चांगली आहे, पण पंचवीस वर्षं तो माझा आवाज होता रे. लोक माझ्या आवाजाने उठून बसकडे चालायला लागायचे. हरवलेल्या सामानात बसून मला रोज रडू येतं.

आता ते ‘ऐकवत नसे’बद्दल. तुझी बायको गेली आणि काही महिन्यांनी तुझ्या सुरात तो कंप आला. सगळे वाहवा करायचे. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे आणि मनात म्हणायचे, बघा, हा रडतोय आणि हे लोक टाळ्या वाजवताहेत, आणि मी बहीण असून मीही वाजवतेय. दर वेळी घरी जाऊन मी जेवत नसे. भावोजींना विचार. ते घोरत नव्हते त्या दिवशी. त्यांनाही ऐकवत नव्हतं, म्हणून डोळे मिटून सोंग करत होते.

परवा तू सरळ वाजवलंस. मला वाटलं, सुटला माझा भाऊ. मग मी हसले आणि दात उडाला. त्या दाताला तोच मुहूर्त सापडला बघ.

आता तू म्हणशील ते दात होते, दुःख नव्हतंच. मग दोन-तीन वर्षं मी उगाच उपाशी राहिले का रे?

ताई


२५ एप्रिल

ताई,

बुधवारची वेळ घेतलीय. सकाळची बस पकड, मी थांब्यावर उभा असेन. हात मी धरेन. यावेळी कोण कुणाचा धरतंय याचा हिशोब नको.

तुझा प्रश्न. मी दोन रात्री विचार केला. डॉक्टरीणबाई म्हणतात तो कंप दातांचा, आणि त्या बरोबरच आहेत. पण ही गेल्यावर मी दात घासणंसुद्धा सोडलं होतं. कुणासाठी घासायचे, असं वाटायचं. हिरड्यांतून रक्त यायचं, तर आरशाकडे पाठ फिरवायचो. दुखणं रक्तातलं असेल, पण मी त्याला दार उघडून आत बसवलं होतं. तेव्हा तू उगाच उपाशी राहिली नाहीस. मास्तरही तसे चुकले नाहीत. फक्त त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तू जेवली नाहीस.

आता मी पाच ब्रश घेऊन आरशासमोर उभा असतो. तुझ्यासाठीही पाच आणून ठेवलेत. ये.

पिपाणी

भावोजींना सांग, टोपीवाल्या गृहस्थांनी दात बँडच्या खोलीवर आणून दिला. भावोजींना जे सापडलं ती दुसऱ्या कुणाच्या तरी कोटाची गुंडी असावी.


३० जून

पिप्या,

गुंडीच होती. परत केली.

बाईंनी माझे आकडे घेतले, तेव्हा तू बाहेर बसून ऐकत होतास हे मला ठाऊक आहे. माझा एक दहा आहे. तुझा जास्तीत जास्त नऊ होता. थोरली ती थोरलीच.

सफाई झाली, चार काढले, आणि परवा तात्पुरती पट्टी बसली. हात तू धरलास, त्याचे वळ अजून तुझ्या मनगटावर असतील. खुर्ची मागे झुकली तेव्हा मी डोळे मिटले, तर तू कानाशी न्हाणीघरातलं ते जुनं गाणं गुणगुणत होतास. सरळ. एकदाही हलला नाहीस.

काल थांबवेना म्हणून घोषणांच्या खोलीत गेले. नव्या मुलीला म्हटलं, एकच करू दे. ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हटलं, ‘सहा नंबरच्या फलाटावरची सव्वासहाची बस’. ‘स’ची अशी सणसणीत शिट्टी वाजली की चालकाला वाटलं वाहकाने इशारा दिला. बस निघाली. निम्मे प्रवासी फलाटावर, वाहक मागे पळतोय, आणि मी काचेमागे उभी राहून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. साहेबांनी बोलावलं. मला वाटलं आता कायमची सामानात. तर म्हणाले, “बाई, पक्के दात बसले की या. तोवर ‘स’ नसलेल्या गाड्या तुमच्या.”

आता पत्रं पुरे झाली. हात दुखतो माझा आणि भावोजी पाकिटात चिठ्ठ्या घालतात हे मला पहिल्यापासून माहीत आहे.

आज संध्याकाळी फोन कर. वाद्य जवळ ठेव आणि तो शेवटचा तुकडा फोनवर पुन्हा वाजव, त्या दिवशी तुला शाबासकी द्यायच्या आतच मी पळाले. मध्ये कुठे चिरकलास तर मी हसेन. मोठ्याने हसेन. आता काही पडायचं नाही.

तुझी,
ताई